न शिकवलेल्याची परीक्षा

जाफराबाद तालुक्यातल्या एका शाळेत, पहिलीच्या मुलांना जोड्या लावून फरक ओळखायला शिकवावे, असा आदेश आला. मुलाला दोन जोड्या शिकवल्या की तिसरी ते आपोआप जुळवते, असे शास्त्र सांगते. ही तिसरी जोडी कोणीही शिकवलेली नाही, असे शिक्षिकेने आधीच लेखी द्यायचे होते. उदाहरणे परिसरातली हवीत, म्हणून बेबीनंदा मॅडमनी शाळेतच बघून चित्रे काढली. साहेब आले की खुर्ची. साहेब आले की कपबशी. पालक आले की सतरंजी. पालक आले की कागदी कप. खुर्चीशी कपबशी आणि सतरंजीशी कागदी कप मात्र मुलांनी आपणच जुळवायचे होते.

अर्शिया घरी उर्दूत बडबडायची आणि वर्गात गप्प बसायची. तिसरी जोडी जुळली नाही, तर ‘अप्रगत’ शेरा घेऊन ती पुन्हा पहिलीतच बसणार होती. म्हणून परीक्षेला तिचे आजोबा महेमूदभाई स्वतः आले.

“साहेब, पोरगी कमी बोलती, पन डोकं बराबर हाय,” ते विस्तार अधिकारी मच्छिंद्र साहेबांना म्हणाले.

आजोबांचा गुडघा वाकेना, तेव्हा मॅडमनी त्यांना वर्गातली एकुलती एक खुर्ची दिली. साहेब मुलांबरोबर सतरंजीवर बसले होते, कारण अहवालाला साधेपणाचा फोटो जोडणे बंधनकारक होते.

साहेबांनी खुर्चीचे चित्र दाखवले. अर्शियाने कपबशी उचलली. सतरंजी दाखवली, तिने कागदी कप उचलला.

“हे तुला कोणी शिकवलं?”

तिने नकारार्थी मान हलवली. साहेब खूश झाले आणि त्यांनी शेरा लिहायला पेन काढले. तेवढ्यात चहा आला: एक कपबशी, एक कागदी कप.

“जा बेटा, तूच दे,” मॅडम कौतुकाने म्हणाल्या.

अर्शियाने कपबशी आजोबांना दिली आणि कागदी कप साहेबांच्या हातात ठेवला.

आजोबांनी कपबशी परत तिच्यापुढे धरली. “अगं, हे साहेबाला दे, जल्दी!”

“पन ते तर खाली बसून राह्यले,” अर्शिया म्हणाली. वर्षभरात वर्गात बोललेले तिचे हे पहिले वाक्य.

साहेबांनी शांतपणे लिहिले, ‘न शिकवलेले जुळवते, मात्र जे शिकवावेच लागत नाही, ते कळत नाही. अप्रगत.’ मॅडमनी खाली सही केली. त्या सहीचा मला अजून राग येतो.

वाचकहो, कागदी कप साहेबांकडे निघाला तेव्हा पोरीचे चुकले, असे तुम्हालाही वाटलेच ना? अभिनंदन. तुम्ही प्रगत आहात.