आनंद होत नसल्याचा दाखला

माणूस घराबाहेर पडला की तो एक तर कामाला निघालेला असतो, नाही तर उंडारायला. तिसरा प्रकार अजून आढळलेला नाही. (आढळल्यास त्याची नोंद ‘इतर’ या रकान्यात करावी, असं ठरलेलं आहे.) पायी जाणाऱ्याच्या बाबतीत हा फरक चटकन कळतो, कामाला निघालेला भराभर चालतो. साध्या सायकलवाल्याच्या बाबतीतही कळतो; कामाला निघालेला धापा टाकतो. पंचाईत केली ती मोटरच्या सायकलीनं. पायडलवर नुसता पाय ठेवला की बाकीचं मोटर बघून घेते, आणि वर बसलेला माणूस ऑफिसला चाललाय की बदकं बघायला, हे त्याच्या चेहऱ्यावरून ओळखता येत नाही. अशा परिस्थितीत कोणतीही जबाबदार संस्था हातावर हात धरून बसू शकत नाही.

नेदरलँड्समध्ये फ्रीसलंड प्रांतातल्या ऑस्टरवीरचं पाणी मंडळ तर मुळीच बसू शकत नव्हतं. तिथली जमीन समुद्राच्या पातळीखाली, त्यामुळे कुठल्या चरात किती पाणी आहे याची नोंद ठेवण्याचं काम मंडळ पिढ्यान्‌पिढ्या करत आलेलं. ज्यांनी पाणी मोजलं त्यांना माणसाचा हेतू मोजणं काय जड? मंडळानं आपल्या छत्तीस कर्मचाऱ्यांना मोटरच्या सायकली दिल्या आणि अट एकच घातली: घर ते ऑफिस, ऑफिस ते घर. सायकल कामासाठी आहे. मौज ज्याला करायची त्यानं ती स्वतःच्या पायांच्या जोरावर करावी. अट मोडल्यास सायकल जमा.

अट घालणं सोपं, ती पाळली जातेय हे ओळखायचं कसं? त्यासाठी प्रवासहेतू निश्चिती समिती नेमली गेली. समितीनं अठरा महिने अभ्यास केला. (वाऱ्यासाठी वेगळी उपसमिती होती, ती अजून आहे.) निष्कर्ष असा निघाला की हेतू हवामानावरून कळतो. समोरून वारा असताना सायकलवर दिसलेल्या दर शंभरांपैकी सत्त्याण्णव जण कामाला निघालेले होते आणि उरलेले तीन वाट चुकलेले. तेव्हा समोरचा वारा, तिरका पाऊस आणि गारा ही कामाच्या प्रवासाची लक्षणं मानण्यात आली. पाठवारा हा योगायोग समजावा, मात्र तो आठवड्यातून दोनदापेक्षा जास्त नसावा. स्वच्छ ऊन पडलं असेल त्या दिवशी कर्मचाऱ्यानं समुद्राकडचा बांध सोडून खतकारखान्याच्या मागच्या रस्त्यानं यावं, म्हणजे शंकेला जागा राहणार नाही. नियम इतके सुटसुटीत होते की जूनमध्येही काही जण रेनकोट घालून येऊ लागले. एकानं तर बाटलीतलं पाणी डोक्यावर ओतून हजेरी लावली, आणि त्याचा उल्लेख वार्षिक अहवालात गौरवानं झाला.

एक लक्षण मात्र नियमात लिहिलेलं नव्हतं, कारण तिथे ते शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. ते म्हणजे जोडीची जॅकेटं. नोकरी संपलेली नवरा-बायको एकाच दुकानातून, एकाच दिवशी, एकाच रंगाची दोन जॅकेटं घेतात, एकसारख्या दोन मोटरच्या सायकली घेतात, आणि कॉफीचा थर्मास लावून एकामागे एक बांधावरून निघतात. अशी जॅकेटं दिसली की कुणी काही विचारत नाही. ती मौजच.

हिल्के योंगस्मा मंडळात चौतीस वर्षं चरांच्या पाण्याची नोंद ठेवत होता. वय पासष्ट, वागणूक चोख, गुडघा उजवा गेलेला. घरापासून ऑफिस अकरा किलोमीटर, सगळी वाट बांधावरून. रोज सकाळी सात वाजता तो मोटरच्या सायकलीवर बसे आणि सात वाजून बत्तीस मिनिटांनी उतरे. या बत्तीस मिनिटांबाबत त्याचं एक गुपित होतं, आणि ते दारूचं असतं तर लोकांनी समजून तरी घेतलं असतं. हिल्केला त्या वाटेवर आनंद होत असे.

थोडाथोडका नाही. धुक्यात मेंढ्यांच्या नुसत्या पाठी दिसायच्या तेव्हा व्हायचा, पाऊस टोपीवर ताशा वाजवायचा तेव्हा व्हायचा, आणि पश्चिमेचा वारा तोंडावर थपडा मारायला लागला की हिल्के मोटर तीन नंबरवर टाकून मोठमोठ्यानं गायचा. (बेसूर. पण वारा ते लगोलग जर्मनीकडे घेऊन जायचा.) गुडघ्यामुळे साध्या सायकलीवर एवढी वाट त्याला जमण्यासारखी नव्हती. मोटरची सायकल गेली तर बस होती, आणि बस बांधावरून जात नाही. म्हणून तो ऑफिसच्या फाटकाजवळ आला की तोंड वाकडं करायचा आणि आत शिरताना न चुकता म्हणायचा, “काय मेलं हवामान!”

त्याची बायको चित्स्के शाळेतली बाई. तिची नोकरी संपून तीन वर्षं झाली होती. तिनं स्वतःची मोटरची सायकल घेतली होती आणि दर रविवारी ती विचारायची, “चल की रे, बांधावर एक चक्कर मारू.”

“सायकल ऑफिसची आहे.”

“मग ऑफिसला सांग, बायको विचारत होती.”

असे दीडशेच्या वर रविवार गेले. हिल्केच्या वाढदिवसाला पाहुणे तिकडच्या रीतीप्रमाणे गोल करून बसले, एकमेकांचं अभिनंदन करून झालं, प्रत्येकी एक तुकडा केक झाला, आणि चित्स्केनं त्याच्या मांडीवर पुडकं ठेवलं. आत जॅकेट निघालं, निळं, कोपरावर नारिंगी पट्टी. हिल्केला दाराआड तशीच दुसरी पिशवी दिसली.

“ते कुणाचं?”

“आहे एकीचं,” चित्स्के म्हणाली. “वाट बघतेय बिचारी.”

नोव्हेंबरातल्या एका मंगळवारी हिल्केच्या जुन्या रेनकोटाची चेन तुटली. बाहेर गारा पडत होत्या, सात वाजत आले होते. हिल्केनं खुंटीवरचं निळं जॅकेट चढवलं आणि निघाला. गारांत कोण बघतंय, असं त्याला वाटलं. नेमकं त्याच दिवशी चित्स्के आपलं जॅकेट घालून मासेबाजारात गेली, आणि हेरिंगच्या रांगेत तिच्या मागे राइन दांतुमा उभा होता.

राइन हा बावीस वर्षं हिल्केच्या समोरच्या टेबलावर बसणारा सज्जन माणूस. पाठीमागे तक्रार करणं तिकडे हलकटपणाचं समजतात, म्हणून दुसऱ्या दिवशी कॉफीच्या वेळी त्यानं बिस्किटांचा डबा उघडून हिल्केसमोर धरला.

“हिल्के, मी तुझी तक्रार केलीय. बिस्किट घे.”

“कसली तक्रार?”

“काल सकाळी बांधावर अर्धी जोडी दिसली मला. उरलेली अर्धी मासेबाजारात.”

“अरे, गारा पडत होत्या!”

“तेच तर. गारांतसुद्धा जोडीचं जॅकेट, म्हणजे मौज किती मुरलीय बघ. शिवाय तू गात होतास. ऐकू नाही आलं, पण तोंड हलत होतं.”

हिल्केनं बिस्किट घेतलं. राइननं डब्याचं झाकण लावलं. (माणशी एकच बिस्किट, अशी रीत आहे, त्याचा तक्रारीशी संबंध नाही.)

चौकशी रीतसर झाली. समितीच्या अध्यक्षा वीर्समाबाई अत्यंत निःपक्षपाती. त्या स्वतः खतकारखान्याच्या मागूनच येत. टेबलावर दोन्ही जॅकेटं शेजारी शेजारी पसरून ठेवली होती. उपसमितीनं त्या दिवशीच्या वाऱ्याची दिशा प्रमाणित केली. मग चित्स्केला बोलावलं.

“ही दोन्ही एकाच दुकानातून, एकाच दिवशी घेतलीत?”

“हो.”

“हेतू?”

“नवऱ्याबरोबर फिरण्याचा,” चित्स्के म्हणाली. “तीन वर्षं झाली, अजून साधलेला नाही. लिहून घ्या.”

चिटणिसानं लिहून घेतलं.

“म्हणजे मौज झालेली नाही?”

“माझी नाही झालेली. त्याचं त्यालाच विचारा. मलाही ऐकायचंय.”

वीर्समाबाई हिल्केकडे वळल्या. “योंगस्मा, सरळ विचारते. त्या वाटेवर तुम्हाला आनंद होतो का?”

खिडकीबाहेर झकास तिरका पाऊस लागला होता. हिल्केनं त्याच्याकडे पाहिलं, मग जॅकेटांकडे, आणि चित्स्केकडे बघायचं टाळलं.

“नाही,” तो म्हणाला.

“तोंड हलत होतं म्हणतात.”

“दात वाजत होते थंडीनं.”

“सुरात?”

“चर्चमध्ये गाऊन गाऊन सवय लागलीय.”

समितीचं समाधान झालं. हिल्केची सायकल राहिली, दोन्ही जॅकेटं पुरावा म्हणून कपाटात जमा झाली, त्यांची पावती मिळाली, आणि पुन्हा शंका येऊ नये म्हणून समितीनं त्याला एक कागद दिला: ‘दाखला देण्यात येतो की, श्री. हिल्के योंगस्मा यांना घर ते ऑफिस या प्रवासात कोणत्याही प्रकारचा आनंद झालेला नाही व नजीकच्या काळात होण्याची चिन्हं दिसत नाहीत. सदर दाखला एक वर्ष ग्राह्य धरावा.’ हा दाखला फार लोकप्रिय झाला. महिनाभरात छत्तिसांपैकी एकतीस जणांनी अर्ज केले. सायकल नसलेल्या चौघांनीही चौकशी केली. ते चौघे विवाहित होते.

त्या दिवशी पावसामुळे नवरा-बायको बसनं घरी आली. चित्स्केनं “चर्चमध्ये?” एवढंच विचारलं आणि खिडकीबाहेर बघत बसली. हिल्केला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण मागच्याच बाकावर चिटणीस बसलेला होता.

त्यानंतरच्या रविवारी चित्स्केनं काही विचारलं नाही. पुढच्याही नाही. हिल्के रोज बत्तीस मिनिटं बांधावरून जात होता, पण खिशात दाखला असल्यानं गाणं त्याच्या गळ्याशी येऊन अडायचं; सरकारी कागदाविरुद्ध वागायची त्याला सवय नव्हती. अशी अडीच वर्षं गेली. दर नोव्हेंबरात तो दाखल्याचं नूतनीकरण करून घ्यायचा, आणि दर वर्षी त्यातला मजकूर जरा जास्त खरा वाटायचा.

सदुसष्टाव्या वर्षी तो निवृत्त झाला. मंडळानं मोठ्या मनानं सायकल त्याला देऊन टाकली, पावती घेऊन जॅकेटं परत केली, आणि दाखला रद्द करून त्याऐवजी नाहरकत पत्र दिलं: ‘अर्जदारास यापुढे आनंद झाल्यास मंडळाची हरकत नाही.’

दुसऱ्याच दिवशी मे महिन्यातलं लख्ख ऊन पडलं. वारा नव्हता, म्हणजे वर्तमानपत्रात यावं असा दिवस. हिल्केनं चित्स्केचं जॅकेट तिच्यापुढे धरलं.

“चल की गं. बांधावर एक चक्कर.”

“तुला कुठे आवडतं?”

“खोटं बोललो मी. गात होतो.”

“माहितीये. चर्चमध्ये तू कधी तोंड उघडलंयस?”

“मग तेव्हाच का नाही बोललीस त्यांच्यापुढे?”

“तुला बसनं जावं लागलं असतं.”

हिल्केचे डोळे भरून आले. माफी मागायची होती, पण त्यासाठीचे शब्द त्यानं कधी वापरलेले नव्हते, म्हणून त्यानं तिच्या जॅकेटाची चेन गळ्यापर्यंत लावून दिली. दोघांनी सायकली बाहेर काढल्या. फाटकाशी शेजारचे गेर्बेन कुंपण छाटत होते. त्यांनी कात्री थांबवली, दोन्ही जॅकेटांवरून नजर फिरवली.

“वा वा! जोडीनं? कुठं निघालात?”

हिल्केच्या वरच्या खिशात नाहरकत पत्र होतं, सहीशिक्क्यासकट. त्यानं तोंड उघडलं.

“जरा... चरातलं पाणी बघून येतो.”

“आणि चित्स्के?”

चित्स्केनं नवऱ्याकडे एक क्षण पाहिलं. मग सायकल भिंतीला टेकवली, आत गेली आणि शिवणाच्या डब्यातली टेप घेऊन बाहेर आली.

“मी टेप धरायला,” ती म्हणाली.

दोघं बांधावर चढेपर्यंत ती हसत होती. वर गेल्यावर पाठीमागून वारा सुटला, हिल्केनं मोटर तीन नंबरवर टाकली आणि अडीच वर्षांचं तुंबलेलं गाणं एकदम मोकळं केलं. चित्स्केनं तीन वर्षं आणि वर अडीच वर्षं वाट बघितली होती, तिला ते बेसूर वाटलं नाही. दोन तासांनी परत येताना त्यांनी एका चराशी थांबून पाणी खरोखर मोजलं. एक्क्याण्णव सेंटिमीटर भरलं. तसं गेर्बेनना सांगितलं, तेव्हा त्यांचा जीव भांड्यात पडला.

अशा माणसांना हसावं तेवढं थोडं. खिशात परवानगी असून थाप मारायची, म्हणजे कमाल झाली. आपल्याकडे सुदैवानं असली समिती नाही, दाखला लागत नाही. परवा संध्याकाळी हवा छान पडली होती म्हणून तुम्ही असेच बाहेर पडलात आणि जिन्यात शेजाऱ्यांनी हटकलं, तेव्हा त्यांना तुम्ही काय सांगितलंत ते मला ठाऊक नाही. पण परत आलात तेव्हा तुमच्या हातात कोथिंबिरीची जुडी होती, आणि घरात आधीच्या दोन होत्या.