कोंबडीच्या पोटातला धवला

"ही येवढीशी?" केसरीनाथांनी तळहात डोळ्यांजवळ नेला, मग लांब धरला, मग चष्मा कपाळावर चढवून पुन्हा जवळ आणला. "आनि हिच्यात गानी? किती, दोन-चार?"

"शेकडो, पप्पा," ऋतिका हसून म्हणाली. "तुमची भजनं, जुनी गाणी आणि गोदूआत्यांचा धवला. सगळं त्यातच आहे."

तळहातावर मेमरी कार्ड होतं. काळं, चपटं, वालाच्या दाण्याएवढं. केसरीनाथांनी श्वास रोखून धरला, न जाणो फुंकरीने एखादं गाणं उडालं तर!

एरवी या माणसाला कशाचं नवल वाटत नाही, अशी वळ गावात त्यांची ख्याती होती. त्यांच्या भाताच्या शेतात गोदाम उभं राहिलं आणि त्यात माणसांऐवजी पट्ट्यावरून खोकी आपली आपण चालू लागली, तेव्हा सगळा गाव बघायला लोटला होता. केसरीनाथ एवढंच म्हणाले होते, "बरा हाय." पण आज सकाळपासून ते सुनेच्या खुर्चीमागे उभे होते. कॉम्प्युटरवर एक हिरवी पट्टी डावीकडून उजवीकडे भरत चालली होती आणि गाणी तिकडून इकडे येत होती. ना आवाज, ना धूळ. पोत्यातलं भात कणगीत ओतावं तसं हे ओतणं, पण एक दाणा खाली सांडत नव्हता. ते नुसते बघत राहिले होते.

कारणही तसंच होतं. त्यांची थोरली बहीण गोदू ही पूर्णा गावची धवलारीण, म्हणजे लग्नात धवले गाणारी. आगऱ्यांचं लग्न भटजीवाचून एकवेळ लागेल, पण धवलारणीच्या गाण्यावाचून हळद लागत नाही. गोदूबायने उभा जन्म दुसऱ्यांच्या मांडवात देवांना बोलावण्यात घालवला. आता घसा गेला होता. बोललं तरी कोंडा पाखडल्यासारखा आवाज येई. कुणीतरी एका जुन्या हळदीची चित्रफीत इंटरनेटवर टाकली होती, त्यात तिचा धवला ऋतिकाला सापडला. तिने तो लगेच उतरवून घेतला आणि पुढे ती चित्रफीत तिथून नाहीशीच झाली. उद्या भाऊबीज. ओवाळणीत साडी द्यायची ती केसरीनाथ देणारच होते, पण यंदा तिच्यासोबत गाणी वाजवायचा लादीपावाएवढा एक लाल डबाही जायचा होता. आपण आधी ऐकायचं नाही, पहिल्यांदा बायने ऐकायचं, असं त्यांनी ठरवलं होतं.

"मी आणि भाविक नारपोलीला आईकडे जाऊन येतो," ऋतिका म्हणाली. "संध्याकाळी आल्यावर मी हे डब्यात बसवून देते. तोवर हात लावू नका हं, पप्पा. फार बारीक आहे."

"मी कशाला हात लावू?" केसरीनाथ दुखावल्या स्वरात म्हणाले. त्यांनी कार्ड काडेपेटीत ठेवलं, काडेपेटी देवळीत ठेवली आणि मुलगा-सुनेची गाडी गावाबाहेर पडेपर्यंत कशीबशी कळ काढली. मग पेटी घेऊन ते ओटीवर आले आणि रस्त्यापलीकडच्या काळूरामला हाक मारली.

काळूराम हा त्यांचा लहानपणापासूनचा दोस्त. तो आला, वाकला आणि म्हणाला, "कय हाय? मना तर काडीच दिसतं."

"काडी न्हाय, तिच्या बाजूला. ह्याच्यात माझी बाय हाय."

"गोदूबाय?" काळूरामचे डोळे विस्फारले. "सगली?"

"आवाज रं, आवाज." केसरीनाथांनी कार्ड दोन बोटांत धरून उन्हात वर केलं. आरपार काही दिसतं का ते दोघांनीही पाहिलं. काळूरामने ते कानाला लावायला मागितलं. केसरीनाथांनी दिलं नाही, त्याने हात पुढे केला, यांनी मागे घेतला, आणि चिमटीतून कार्ड निसटलं. ओटीच्या कडेवर एकदा टुणकन उडून ते अंगणात पडलं.

अंगणात नुकत्याच कण्या टाकलेल्या होत्या आणि त्या कण्यांवर मागच्या वाडीतल्या येसूच्या दोन कोंबड्या तुटून पडल्या होत्या, एक लाल आणि एक ठिपक्यांची कवडी. चार-दोन चोची खाली गेल्या, वर आल्या. कार्ड दिसेना.

दोघेही म्हातारे गुडघ्यांवर बसून कण्या चिवडू लागले. कोंबड्या त्यांच्याकडे मान वाकडी करून बघत राहिल्या.

"कवडीनं खाल्ला," काळूराम शेवटी म्हणाला.

"लाल होती."

"कवडी! गिलताना मान कशी केली तिनं, मी बगला ना."

आवाज ऐकून केसरीनाथांच्या बायको, कमळताई, पिठाच्या हातांनी बाहेर आल्या. झालेलं ऐकून त्या म्हणाल्या, "ऋतिकाला फोन लावा."

"खबरदार!" केसरीनाथ उसळले. "सुनंला काय सांगू? तू भरून दिलंस आनि मी कोंबरीला चारला? तो कम्पूटर आता रिकामा झाला. सगला ह्याच्यातच व्हता. माझ्या डोल्यांदेखत ओतला तिनं!" बोलता बोलता त्यांचा आवाज कापरा झाला. "बायचा आवाज गेला, कमळ. दुसऱ्यांदा गेला."

कमळताईंनी दोन्ही कोंबड्या पकडल्या आणि दोन टोपल्यांखाली झाकल्या.

मग येसूला बोलावणं गेलं. येसू आदिवासी पाड्यावरची. नवरा गेल्यापासून केसरीनाथांच्या वाडीत झोपडी बांधून राहत होती आणि मिळेल त्या मजुरीला जात होती. टोपल्यांखाली आपल्या कोंबड्या बघून तिने कमरेवर हात ठेवले.

"येसू, ह्या दोनी मना दे," केसरीनाथ म्हणाले. "तुला बदल्यात चार देतो. पायजे तर सा."

"खायाला?"

"न्हाय, बगायला. म्हंजे… आतून बगायला."

येसूने सगळी हकिकत ऐकली, दोनदा ऐकली आणि मान हलवली. "लाल अंड्यावर हाय, शेट. आनि कवडी माझी न्हायच."

"मंग कोनाची?"

"वाघदेवाची. पोरगी तापातून उठली तवा नवसाला बोललेली हाय. देवाची कोंबडी तुम्ही कापाल, तर ताप तुमच्या घरात यील. कापता?"

केसरीनाथांचा हात टोपलीवरून आपोआप खाली आला. कापायचं तर नाही, मग वाट बघणं आलं. काळूरामने एरंडेल सुचवलं. कमळताईंनी नाक मुरडत बाटली आणून दिली. येसू म्हणाली की पाजा, पण देवाच्या कोंबडीला जपून, चमच्याने. कवडीने एक चमचा प्यायला, दुसरा काळूरामच्या सदऱ्यावर उडवला आणि टोपलीत जाऊन अशी डोळे मिटून बसली की जणू भजनाला बसली आहे.

"ऐकू येतं का बग," केसरीनाथ हळूच म्हणाले. काळूराम आडवा झाला आणि त्याने टोपलीला कान लावला.

"खुरखुरतंय कायतरी."

आणि तेव्हाच केसरीनाथांना ती युक्ती सुचली. गाणी पोटात असतील तर डबा जवळ नेऊन का बघू नये? आता सगळं हवेतूनच चालतं. भाविकचा फोन खिशातून नुसता काढला तरी गाडी बोलायला लागते. ते आत गेले, लाल डबा घेऊन आले, आणि कसलीही माहिती नसताना त्याची दिसतील ती सगळी बटणं एकेकदा दाबली. डबा खरखरला. त्यांनी तो काळूरामच्या हातात दिला आणि काळूरामने तो हळूहळू लाल कोंबडीच्या टोपलीकडे नेला. खरखर. मग कवडीच्या टोपलीकडे नेला.

खरखर थांबली. सनईचा एक सूर निघाला आणि त्याच्यामागून एका बाईचा गोड आवाज आला.

अंगणात कोणी हललं नाही. काळूरामने डबा लांब नेला, पुन्हा खरखर. जवळ आणला, पुन्हा गाणं. कवडीने एक डोळा उघडला आणि मिटला. येसूने पदर डोक्यावर घेतला आणि जमिनीला डोकं टेकलं. "वाघदेवा, माझी कोंबडी गाते रं!"

"मी बोललो ना, कवडी!" काळूराम पुटपुटला, पण त्याच्या आवाजात जिंकल्याची ऐट नव्हती.

"रेडिओ तर न्हाय ना लागला?" कमळताई दारातून म्हणाल्या.

"गप ऱ्हा!" दोघेही एकदम ओरडले.

गाणं संपलं आणि एका माणसाने हिंदीतून खाज-खरजेच्या मलमाचं वर्णन सुरू केलं. काळूरामने प्रश्नार्थक मुद्रेने मित्राकडे पाहिलं. "धवल्यात मलम कशाला?"

केसरीनाथांनी थोडा विचार केला. "पोटात गेल्यावर मिसलनारच," ते गंभीरपणे म्हणाले.

गावात वेळ लागतो तो माणसाची बातमी पसरायला. ही तर कोंबडी होती. शेजारच्या बाया आल्या, देवळासमोर बसणारे म्हातारे आले, गोदामात ड्युटीवर निघालेले बिहारी हमाल सायकली थांबवून उभे राहिले. "मुर्गी गाना गाती है क्या, चाचा?" एकाने विचारलं. "हात मत लगाना, भगवान का है," काळूरामने बजावलं. कोणीतरी टोपलीला हळदकुंकू वाहिलं. कोणीतरी दिवाळीची करंजी ठेवली. ती कवडीने फटीतून चोच काढून फोडली. बसलेल्या म्हाताऱ्यांपैकी एकाचे डोळे भरून आले. कोण गात होतं ते त्याला कळत नव्हतं, पण एवढ्याशा जिवातून एवढा मोठा आवाज येतो हेच त्याला सहन होत नव्हतं. केसरीनाथ टोपलीशेजारी मांडी घालून बसले होते. गोदाम बघूनही न हललेला हा माणूस सारखा स्वतःशीच म्हणत होता, "आयला… आयला…"

भाविकची गाडी गर्दीमुळे दारापर्यंत येईना. ऋतिका उतरून चालत आली. अंगणात पोचून तिने आधी टोपली पाहिली, मग हळदकुंकू, मग काळूरामच्या हातातला डबा.

"पप्पा, रेडिओ का लावलाय?"

कमळताईंनी कोणाकडेही न बघता आत जाऊन चहाचं आधण ठेवलं.

गर्दी पांगली. हमाल घंट्या वाजवत ड्युटीला गेले. येसूने दोन्ही कोंबड्या काखोटीला मारल्या. केसरीनाथ मात्र तिथेच बसून होते. मान खाली घालून त्यांनी सुनेला सगळं सांगितलं, काडेपेटीपासून मलमापर्यंत. "तू येवढा भरलास, पोरी. सगला घालवला मी. बायचा एकच तर धवला व्हता."

ऋतिका त्यांच्याजवळ खाली बसली. "पप्पा, काही गेलेलं नाही. गाणी कॉम्प्युटरमध्ये आहेतच."

"मी सोता बगितला. तिकडून इकडं आली."

"आली, पण तिकडेही राहिली. हे देणं तसं नसतं. कितीही जणांना दिलं तरी आपलं आपल्याकडे राहतं. दुसऱ्या कार्डावर आत्ता पुन्हा भरते."

केसरीनाथ तिच्याकडे बघत राहिले. कोंबडी गायली तेव्हाही त्यांचा चेहरा असा झाला नव्हता. जमीन दिली की जाते, भात दिलं की जातं, मुलगी दिली की जाते. दिलं तरी राहतं असं काही जगात आहे, हे त्यांना या वयात आणि तेही अंगणात बसून पहिल्यांदाच कळत होतं.

"पुन्ना बोल," ते म्हणाले. ऋतिकाने पुन्हा सांगितलं.

पहिलं कार्ड कोंबडीने गिळलं की कण्यांबरोबर मातीत गेलं, हे शेवटपर्यंत कोणाला कळलं नाही. येसूने मात्र नवस फेडताना देवाला बजावून सांगितलं म्हणतात, की कोंबडी बोलले होते तेवढी देते, आतली गाणी वरकड समज.

भाऊबीजेला केसरीनाथ पूर्ण्याला गेले. गोदूबायच्या घराच्या दोन्ही अंगांना आता गोदामं होती आणि दारावरून एकसारखे कंटेनर जात होते. तिने पाट मांडला, भावाला ओवाळलं, पुढ्यात करंज्यांची ताटली ठेवली. केसरीनाथांनी साडी दिली, मग पिशवीतून लाल डबा काढून दोघांच्या मधे ठेवला. ऋतिकाने कोणतं बटण दाबायचं ते खुणेची टिकली चिकटवून दाखवलं होतं. त्यांनी ते दाबलं.

आधी हळदीतला कलकलाट आला. मग त्याला चिरत एक आवाज वर चढला, धारदार, मोकळा, ओल्या मातीसारखा भरलेला. तो देवांना एकेक करून मांडवात बोलवू लागला. बाहेर कंटेनर गेला तो ऐकूही आला नाही. केसरीनाथांच्या हातातली करंजी हातातच राहिली.

गोदूबाय डब्याजवळ सरकली. "कोन रं ही बाय?" ती आपल्या कोंडाभरल्या आवाजात म्हणाली. "आपल्याकरची न्हाय वाटत. आपल्यात कोनचा असा गला न्हवता."

"बाय," केसरीनाथ म्हणाले, "तूच हायस ती."

"चल, मेल्या!" ती हसली. पण मग हसणं थांबलं. तिचा हात हळूच स्वतःच्या गळ्याकडे गेला आणि तिथेच राहिला. धवला चालू होता. ओठ नकळत हलू लागले. पुढचा शब्द डब्यातून यायच्या आधी तिच्या ओठांवर येत होता. मग ती बोलली, तेव्हा डोळे वाहत होते.

"येवढा बरा गायची मी, केसऱ्या? आनि मना उभ्या जल्मात कोनी बोलला कसा न्हाय?"

केसरीनाथांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं. पण त्यांच्या आधी डबाच बोलला. धवल्याच्या ऐन भरात, मागच्या कलकलाटातून, वीसेक वर्षांनी तरुण, पण चटकन ओळखू येणारा एक दणदणीत पुरुषी आवाज आला: "अरं, त्या बायांना जरा गप करा रं! मटनाचा टोप कनच्या पंगतीला गेला, काय आयकूच येत न्हाय!"

गोदूबायने सावकाश मान वळवून भावाकडे पाहिलं. भाऊ जमिनीकडे बघत होता. तिने त्याच्यापुढली करंज्यांची ताटली उचलून आपल्याकडे ओढली.

"आता गप बस," ती म्हणाली. "मना आयकू दे."