डावीकडे पाहणारा करेई

नाणं ही पाहायची वस्तू नाही, ती असल्याची खात्री करून घ्यायची वस्तू आहे. हे सत्य ज्यांना सर्वांत आधी उमगतं त्यांचीच नेमणूक स्मारक नाणे समितीवर होते, हे देशाचं भाग्य.

समितीत अकरा सभासद असतात. एक इतिहासाचा, एक धातूचा, एक शिष्टाचाराचा, आणि उरलेले आठ अनुभवाचे. (ज्या विषयावर नाणं काढायचं त्यातला एक जाणकार घ्यावा, असा ठराव दोनदा आला होता. बैठका लांबतील म्हणून तो दोनदा फेटाळला गेला.)

शिओनुमा बंदराला शंभर वर्षं झाली तेव्हा तिथला नावाजलेला मासा, करेई, हजार येनच्या चांदीच्या नाण्यावर घ्यायचं ठरलं. काम मिनेगिशी तोकुजी यांच्याकडे गेलं. तोकुजी निसर्गशास्त्रीय चित्रकार होते. म्हणजे चित्रकारांच्या लेखी कारकून आणि शास्त्रज्ञांच्या लेखी चित्रकार. त्रेचाळीस वर्षं त्यांनी संग्रहालयासाठी मासे काढले. माशाच्या पाठीवरच्या पराचे काटे ते मोजून काढत आणि एक जरी कमीजास्त झाला तरी कागद फाडत. अशा माणसाच्या घरात वाढणं सोपं नसतं. त्यांच्या मुलीला, चिझुकोला, लहानपणी ताटातल्या माशाचे काटे सांगितल्याशिवाय जेवता येत नसे. सगळी मुलं असंच जेवतात, असं तिला बरीच वर्षं वाटत होतं.

करेई हा चपटा मासा, लेपीच्या घराण्यातला. दोन्ही डोळे एकाच अंगाला. डोळे वर आणि पोटाची कड आपल्याकडे करून ठेवला की त्याचं तोंड उजवीकडे येतं. त्याचा चुलतभाऊ हिरामे, त्याचं तोंड डावीकडे. दोघांना ओळखायची खूण एवढीच, आणि ती बंदरावरच्या बालवाडीतही पाठ असते: डावा हिरामे, उजवा करेई.

तोकुजींनी आठ महिने घेऊन करेई काढला, उजवीकडे तोंड असलेला. खाली सही केली, चित्र पोचतं केलं आणि त्याच हिवाळ्यात ते वारले. समितीने चिझुकोला सांत्वनपत्र पाठवलं. त्यावर जावक क्रमांक होता.

चित्र बैठकीत आलं तेव्हा शिष्टाचाराच्या सभासद बाईंनी चष्मा पुसला.

"ताटात मासा नेहमी डोकं डावीकडे करून वाढतात," त्या म्हणाल्या. "आणि आपण साऱ्या देशापुढे डोकं उजवीकडे केलेला मासा ठेवणार?"

सभागृहाला शरम वाटली. (करेई या नियमाला अपवाद आहे. त्याचं डोकं डावीकडे करून वाढला तर डोळे खाली ताटाकडे जातात आणि पाहुण्याला नुसतं पांढरं पोट दिसतं. पण अपवाद स्वयंपाक्यांना ठाऊक असतात. समितीला नियम ठाऊक असतात.) संगणकावर चित्र आरशातल्यासारखं फिरवण्यात आलं. त्याबरोबर सहीही उलटी झाली, तेव्हा तेवढी सही पुन्हा सरळ करून घेतली. समितीवर निष्काळजीपणाचा आरोप करणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

मग मंजुरीच्या कागदावर अकरा शिक्के उठले. हाताखालच्याने आपला शिक्का वरिष्ठाच्या शिक्क्याकडे थोडा कलता मारायचा, म्हणजे कागदावरही वाकून नमस्कार होतो, अशी रीत आहे. अकरावा शिक्का आडवाच पडला होता.

नमुन्याचं नाणं मखमली डबीतून आलं ते नेमकं तोकुजींच्या मृत्यूनंतरच्या एकोणपन्नासाव्या दिवसाच्या विधीला. चिझुकोने ते वडिलांच्या फोटोपुढे ठेवलं. तिला काहीतरी खटकत होतं, पण त्या दिवसांत तिला सगळंच खटकत होतं. इतक्यात मच्छीमार सोसायटीच्या एक्क्याऐंशी वर्षांच्या फुमिआजी शिजवलेल्या करेईचा डबा घेऊन आल्या. त्यांनी नाणं डोळ्यांशी धरलं.

"कोणाचं गं हे काम?"

"बाबांचं."

"तोकुजीचं? हॅट्! हा तर हिरामे. पोरी, तुझा बाप मेलाय, आंधळा नव्हता झाला."

दुसऱ्या दिवशी चिझुको समितीच्या कचेरीत गेली. सचिव ओनोदेरा यांनी चहा मागवला.

"मिनेगिशीसान, वडिलांचा मासा काय सुरेख उतरलाय!"

"तो वडिलांचा मासा नाही. तुम्ही उलटा केलाय."

"उलटा कुठे? नुसता दुसऱ्या बाजूने दाखवलाय."

"दुसऱ्या बाजूने पाहिलं तर पांढरं पोट दिसतं."

ओनोदेरांनी वहीत 'पोट' असं लिहून घेतलं. मग त्यांनी आकडे पुढे सरकवले. बाराशे नागरिकांना नाणं दाखवलं होतं. अकराशे चौसष्ट जण 'सुंदर' म्हणाले. पस्तीस जणांनी 'हा मासा आहे का?' असं विचारलं. एक जण म्हणाला, हा हिरामे आहे.

"तो गृहस्थ मासळीवाला निघाला," ओनोदेरा म्हणाले. "म्हणजे हितसंबंध आला. त्याचं मत वगळलं."

"म्हणजे ज्याला कळत होतं त्याचं."

"आपण दुःखात आहात," ओनोदेरा मऊपणे म्हणाले आणि त्यांनी एक छापील कागद काढला. लाखात एखादा करेई डाव्या तोंडाचा जन्मतो. तोकुजींनी असा एक मासा स्वतः पाहून हे चित्र काढलं, एवढं वारस म्हणून चिझुकोने लिहून द्यायचं. म्हणजे नाणं बरोबर, समिती बरोबर, वडीलही बरोबर.

"आणि नाही दिलं तर?"

"तर चित्रकाराची चूक, अशी नोंद होईल. ते हयात नसल्यामुळे त्यांना त्रास होणार नाही."

घरी येऊन तिने वडिलांची मोजणीची वही काढली. त्रेचाळीस वर्षांत हाताखालून गेलेले करेई: सहा हजार दोनशे अठरा. उजवे: सहा हजार दोनशे अठरा. डावे: शून्य. शेवटच्या पानावर, कापऱ्या झालेल्या अक्षरात, समासात लिहिलं होतं: 'डावा अजून दिसला नाही. दिसला तर कळवीन.'

कोणाला, ते लिहिलं नव्हतं. त्या घरात कळवण्यासारखं दुसरं कोणी नव्हतं.

चिझुकोने सही केली नाही. छापील कागद कोरा ठेवून तिने त्या पानाची प्रत सोबत जोडली आणि पाठवून दिली. हे पान वाचल्यावर तरी कोणाला लाज वाटेल, अशी तिची समजूत होती. (समितीशी तिचा हा पहिलाच व्यवहार होता.)

समितीने पान काळजीपूर्वक वाचलं. महिन्याभरात नाणं बाहेर पडलं. सोबतच्या पत्रकात छापलं होतं: 'ज्या दुर्मीळ माशाची चित्रकाराने त्रेचाळीस वर्षं वाट पाहिली, तो अखेर या नाण्यावर अवतरला.' खाली वहीतल्या समासाचं छायाचित्र होतं. नाणी दोन दिवसांत संपली.

प्रकाशनाचं जेवण बंदरावरच्या सभागृहात झालं. साठ पानं. शिष्टाचाराच्या बाईंनी स्वयंपाकघरात जातीने उभं राहून साठही करेई डोकं डावीकडे करून वाढायला लावले होते. साठ पांढरी पोटं वर आणि एकशे वीस डोळे ताटात रुतलेले. अध्यक्षांनी रंगाच्या शुभ्रतेचं कौतुक केलं. टाळ्या झाल्या. स्वयंपाकी दारात मान खाली घालून उभा होता.

चिझुकोने चॉपस्टिक्स उचलल्या आणि आपल्या माशाखाली सरकवल्या.

"मिनेगिशीसान!" शेजारून ओनोदेरा कुजबुजले. "बंदरावर ताटातला मासा उलटत नाहीत. कोळ्यांची बोट उलटते म्हणतात."

समोरच्या रांगेतून फुमिआजींचा आवाज आला, बोटीवरून किनाऱ्यावर पोचेल इतका.

"उलट गं पोरी. बोट आमची आहे, तुझ्या सायबाची नाही!"

चिझुकोने मासा उलटला. डोकं उजवीकडे आलं, दोन डोळे वर आले. तिने पाठीवरच्या पराचे काटे मोजले. बरोबर होते. मग ती जेवली.

उरलेल्यांनी पोटाकडून सुरुवात केली आणि मासा फार छान होता, असा अभिप्राय दिला.

आता एक विनंती. तुमच्या खिशात या क्षणी जे नाणं असेल ते बाहेर न काढता सांगा: त्यावर काय आहे, आणि त्याचं तोंड कोणत्या बाजूला आहे?

घाई नाही. समितीने तुमचं उत्तर 'सुंदर' असं आधीच नोंदवून ठेवलं आहे.