टेंभरेकाकांचं वारूळ

मोडकी खुर्ची माणसं भंगारात देतात. कुडव्यातले आमचे शेजारी टेंभरेकाका ती वाळवीला वाढायचे. परसात कमरेएवढं वारूळ होतं, आणि रोज संध्याकाळी काका त्याच्या बुडाशी लाकडाचा एखादा तुकडा ठेवून यायचे.

उभा जन्म केशोरीकडच्या जंगलात वनरक्षक म्हणून काढलेला. त्यामुळे वाळवीबद्दल विचारावं लागत नसे, ते आपणहून सांगत. "जंगलात ओल राह्यते, पाला कुजते, तं वाळवी बाहेरच जेवते. इथं उन्हाळ्यात जमीन तापली का खाली पाण्याकडं जाते, नाईतं घरात घुसते. हवा पाहून राह्यते ते." 'हवा पाहून' हे त्यांचं पालुपद.

गावात मोबाईल नवे होते, त्या सुमारास एका मे महिन्यात ती हवा पाहून माझ्या घरात आली. दाराच्या चौकटीला बोट लावलं, तर बोट आत गेलं. मी औषधाचा पंप पाठीला लावून काकांच्या परसात शिरलो.

चौकटीचं ऐकून काका वारुळासमोर आडवे आले. "चौकट सागाची म्हणून घेतली होती का?"

"हो."

"सागाले ते लवकर तोंड लावत नाई. फसवलं तुमाले."

माझं टाळकं सरकलं. "काका, बाजूला व्हा."

"पोळ्यापर्यंत थांबा. मंग मीच मारतो औषध."

"काऊन?"

"सात्या निघतात याच्यावर."

पावसाळ्यात वारुळावर उगवणाऱ्या या अळंबीपुढे आमच्याकडे मटणालाही कोणी विचारत नाही. पण त्यासाठी माझं घर?

"शारदा येते ना," काका वारुळाकडे बघत म्हणाले. शारदा म्हणजे त्यांची नागपूरला दिलेली एकुलती एक मुलगी. "बाप हाय म्हणून नाई येत ते. सात्या निघाल्या म्हणून फोन केला का येते."

मी पंप घरी नेला.

श्रावणात सात्या निघाल्या. काकांनी बूथवर जाऊन फोन केला आणि घरी येऊन कांदेसुद्धा चिरून ठेवले. दोन दिवसांत सात्या काळ्या पडल्या. शारदा आली नाही.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काका माझ्या दारात आले. "आणा पंप. बोललो होतो मी."

मला फार वाईट वाटलं. काढून ठेवलेली जुनी चौकट उचलून मी त्यांच्या परसात गेलो आणि वारुळाच्या बुडाशी ठेवली.

"शारदाताई हवा पाहून राहिल्या असतील, काका. पुढच्या साली येतील."

काकांनी वाकून चौकट हातभर उजवीकडे सरकवली.

"ओल इकडं हाय," ते म्हणाले.