मोतीलाल आप्पांचा साडेसहाचा चहा

"या खेपेला थायरॉइडला चारी मुंड्या चीत करतो!" मोतीलाल आप्पांनी जाहीर केले. ऐकायला घरात फक्त पुस्तकांचे कपाट होते. बायको सिंधुबाई गेल्यापासून चार वर्षे आप्पांची सगळी भाषणे तेच ऐकत असे.

नंदुरबारच्या लॅबचा रिपोर्ट आला होता. थायरॉइडचा आकडा, टीएसएच, अकरा! हवा पाचाच्या आत. डॉक्टरांनी खोदून विचारले तेव्हा कळले, की आप्पा थायरॉइडची, कॅल्शियमची आणि लोहाची अशा तिन्ही गोळ्या शेजारच्या मंगलाबाईंच्या ओट्यावर दुधाच्या चहाबरोबर एकदम गिळत.

"मग गोळी लागू कशी पडणार? थायरॉइडची गोळी उठल्यावर नुसत्या पाण्याने घ्या. तासभर चहा नाही. बाकीच्या दुपारी. दीड महिन्याने पुन्हा रक्त तपासू."

सोपे होते! पण आप्पांना जाग यायची ती मंगलाबाईंच्या साडेसहाच्या हाकेने, आणि सातला ती नवरा-बायको शेतात जात. दिवसभरात आप्पांशी कोणी बोलत असेल तर तेवढा अर्धा तास. खरे कारण सांगावे, तर थायरॉइड हा बायकांचा आजार अशी आप्पांची लाजरी समजूत!

"आप्पा, चहा पी ल्या!"

"आज नको," आप्पा दाराआडून म्हणाले. दुसऱ्या दिवशीही नको. तिसऱ्या दिवशी तर ते मागच्या दाराने सटकले, चोरासारखे!

मंगलाबाईंनी ओळखले. आप्पा रागावले! त्यांच्या अंगणात आपण मिरची वाळत घातली ना!

चौथ्या दिवशी मंगलाबाईंचा नवरा भटू घमेले घेऊन अंगणात. "आप्पा, चुकनं आमनं! आत्तेच उचली लेतस!" त्याने अशा झपाट्याने मिरची ओढली, की लाल धुरळा उठला आणि अख्खी गल्ली शिंकू लागली. म्हशीसुद्धा!

"अरे, मी रागावलो नाही! आक्‌छी!"

"मंग चहा पी ल्या!"

आता काय करणार? आप्पा प्यायले. आप्पांचा रुसवा गेला म्हणून समोरच्या कमलबाईंनी पाजला, पलीकडच्या पार्वतीबाईंनी पाजला. चार वर्षांत आप्पांना एवढी माणसे भेटली नव्हती. दीड महिना रोज गोळीमागोमाग चहा! 'उद्यापासून सांगतो,' असे आप्पा रोज कपाटाला सांगत.

रक्त द्यायला गेले तर लॅबमध्ये सुई घेऊन उभी कोण? मंगलाबाईंची भाची भूमिका! तिने डॉक्टरांची जुनी चिठ्ठी वाचली. "आप्पा, यात तर सकाळी चहा नको लिहेल शे!"

आप्पा पांढरे पडले. रक्त न काढताच!

टीएसएच चौदा.

डॉक्टरांपुढे आप्पांनी मान खाली घालून सगळे सांगितले. मिरचीसकट. डॉक्टर हसले. "मग झोपताना घ्या ना! फक्त जेवणानंतर तीन तास जाऊ द्या. सकाळी खुशाल चहा प्या."

एवढेच? आप्पांना बसमध्ये गाणे म्हणावेसे वाटले. म्हटले नाही, शेजारी माणूस बसला होता.

सकाळी हाक आली नाही. आप्पा आपणच दचकून उठले. पावणेसात! सदरा उलटा घालून धावत ओट्यावर.

"भूमिकानी सांगं माले," मंगलाबाई डोळ्यांना पदर लावत म्हणाल्या. "इतला दिन आम्ही तुम्हले जहर पाजं! आते बंद!"

"पण मंगलाबाई, आता डॉक्टर म्हणाले..."

"काही बोलू नका, आप्पा," भटू छाती काढून म्हणाला. "आम्हीबी सोडी दिना! तीस वरीसनी सवय, तुम्हनासाठे सोडी! डोकं फुटी ऱ्हायनं, पण तुम्हना समोर चहा पेवाऊत नही!"

तिघांच्या हातात गरम पाण्याचे पेले आले. डोके घट्ट बांधलेला भटू मोठ्या अभिमानाने पाहत होता. पाठ करून आणलेले वाक्य आप्पांनी पाण्याच्या घोटाबरोबर गिळले.

"छान झालंय," ते म्हणाले, आणि आणखी अर्धा पेला मागितला.