पाठ खोटं बोलत नाही

आमचे शेजारी पराते भाऊजी कुणाच्याही घरी गेले की खुर्चीवर बसत नसत. आधी पलंगावरची गादी तळहाताने दाबून पाहत. चहा येईपर्यंत ते त्या पलंगावर आडवे झालेले असत. चपला दाराशी, टोपी छातीवर, डोळे मिटलेले. नवखी माणसं घाबरून पाणी आणायला धावत. आम्ही पाचपावली मोहल्ल्यातले लोक मात्र चहावर बशी झाकून वाट बघत असू.

मग भाऊजी एक हात कमरेखालून सरकवत. हात सहज आरपार गेला तर गादी म्हणजे दगड. मुळीच गेला नाही तर चिखल. "हात जावा, पन ओळख देऊन जावा," असा त्यांचा कायदा होता. घरमालक म्हणाला की आमची गादी चांगली आहे, तर त्यावरचं उत्तरही ठरलेलं होतं.

"तुमी बोलू नका. पाठ खोटं बोलत नाही."

भाऊजींचं घराणं विणकरांचं. माग कधीच मोडीत निघाले होते आणि भाऊजींची सगळी नोकरी तारघरात गेली होती, पण कापूस हातात आला की त्यांची बोटं अजून जागी होत. बायको वारल्यापासून ते एकटेच राहत. गादीचं वेडही तेव्हापासूनचंच, असं गल्ली म्हणे. एकट्या माणसाला काहीतरी उद्योग लागतोच, असं मी म्हणे आणि कामाला लागे.

हिवाळ्यातल्या रविवारी ते हातात वेताची काठी घेऊन निघत आणि रस्त्यावरूनच एकेका घराला हाक देत. गादी उन्हात टाकली का, झोडपली का, डोक्याची बाजू पायाकडे केली का. नव्यानं लग्न झालेल्या सुना हे ऐकून आत पळत. पण गादी गच्चीवर जाई, हे खरं.

पुतणीसाठी स्थळ बघायला गेले तेव्हा मंडळी पोहे खात असताना भाऊजी गायब झाले. सापडले ते मुलाच्या खोलीत, मुलाच्या पलंगावर. मुलगा सरकारी नोकरीतला, निर्व्यसनी, दिसायलाही बरा. सगळे खूश होते. भाऊजींनी परतताना नकार दिला. गादी मधोमध खचली होती आणि वर्षानुवर्षं कुणी उलटवली नव्हती. "ज्या घरात गादीचं कोनी ऐकत नाही, तिथं सुनेचं कोन ऐकनार गा?" त्यांनी भावाला विचारलं. भाऊ चिडला, पण पुतणी दुसऱ्या घरी गेली आणि सुखात आहे.

आमच्या घरातल्या सगळ्या गाद्यांवर ते लोळून झाले होते, एक माझी सोडून. "वैनी, तुमची राह्यली," ते दर भेटीला आठवण करत. मी म्हणे, माझी ठीक आहे. सकाळी उठताना कमर धरत असे, पण डबे, नळ आणि ऑफिस यांच्या मध्ये कमरेचं कोण ऐकत बसणार.

त्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाशी सासूबाई न्हाणीत पडल्या. हाड मोडलं नव्हतं, पण मार कमरेला होता. डॉक्टरांनी पडून राहायला सांगितलं. उतार पडला नाही तर दवाखान्यात भरती करावं लागेल, असंही बजावून गेले. दवाखाना म्हटलं की सासूबाईंच्या तोंडचं पाणी पळे. त्यांची आई तिथं गेली होती ती परत आली नव्हती.

मी लगेच कामाला लागले. फोमच्या गाद्या नुकत्याच बाजारात आल्या होत्या आणि ज्याच्या घरी ती आली त्याचं नाव गल्लीत होत होतं. मी भाऊजींना घेऊन जरीपटक्याच्या बाजारात गादीच्या दुकानी गेले. तिथं ते मांडलेल्या गादीवर आडवे झाले आणि चक्क घोरायला लागले. रस्त्यावरची माणसं आत डोकावू लागली. दुकानदार आधी संतापला, मग गर्दी पाहून त्यांच्या अंगावर पंखा फिरवू लागला. जागे झाल्यावर भाऊजी घाम पुसत म्हणाले, "यावर मे महिन्यात झोपून दाखवा, मंग घेऊ." मी ऐकलं नाही. गादी रिक्षावर चढवली.

गादी आली तसा घरात उत्सव झाला. शेजारणी येऊन बोटं रुतवून पाहत, पोरं उड्या मारायला टपलेली. सासूबाईंना अलगद वर ठेवलं. कसं वाटतं, मी विचारलं. "मस्त हाये वं," त्या म्हणाल्या.

पण त्या मस्त दिसेनात. जेवण कमी झालं, डोळे खोल गेले. दुखतं का विचारलं की नाही म्हणत. झोप लागते का, तर हो म्हणत. डॉक्टर पुन्हा आले, त्यांनी कपाळाला आठी घातली आणि दोन-चार दिवस पाहू म्हणाले. आता दवाखान्याचा विषय दारात उभा होता. माझा जीव टांगणीला लागला, त्यामुळे मी घरात सगळ्यांवर ओरडत सुटले.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊजी आले. सासूबाईंना चादर बदलण्यासाठी आरामखुर्चीत बसवलं होतं. भाऊजींनी टोपी काढली, छातीवर ठेवली आणि आजारी बाईच्या पलंगावर आडवे झाले. दारात शेजारणी तोंडाला पदर लावून उभ्या. मी काही बोलणार, तोच त्यांनी हात वर करून मला थांबवलं. बराच वेळ ते हलले नाहीत. मग कमरेखाली बोटं गेली आणि एका जागी थांबली.

"मावशी," डोळे न उघडता ते म्हणाले, "इथं लागते ना?"

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं, खाली पाहिलं. मग त्यांचा हुंदका फुटला.

"लागते रे बाबा. लय लागते."

खोळ उसवली. फोमचे दोन तुकडे चिकटवून गादी केली होती आणि तो सांधा नेमका दुखऱ्या कमरेखाली आला होता. दुखतं म्हटलं तर दवाखान्यात नेतील, म्हणून बाई गप्प पडून होत्या.

भाऊजी उठले ते वादळासारखे. पिंजाऱ्याला बोलावणं गेलं. सासूबाईंच्याच माहेरच्या जुन्या गादीचा कापूस काढला, त्यात नवा मिसळायचा ठरला. अंगणात पिंजाऱ्याच्या धनुकलीची तात टुंग टुंग वाजू लागली आणि गल्लीभर कापूस उडाला. वाळत घातलेल्या साड्यांवर, शेजारच्या वरणात, भाऊजींच्या भुवयांवर. ते प्रत्येक मूठ चोळून पाहत, सरकीचा कण लागला तर फेकत. टाके घालायला बायका बसल्या, त्यांच्या डोक्यावर हे उभे. टाका फार ओढू नका, गादी आहे, पोतं नाही. हसूनहसून आमचे टाके वाकडे पडत होते.

संध्याकाळी सासूबाई नव्या गादीवर झोपल्या. झोपल्या म्हणजे घोरल्या. घरातला प्रत्येक जण पाळीपाळीने दाराशी जाऊन ते घोरणं ऐकून आला.

मी भाऊजींना चहा दिला. ते खुर्चीवर बसले होते. त्यांना मी खुर्चीवर बसलेलं पहिल्यांदाच पाहत होते. सासूबाई खोटं बोलताहेत हे कसं कळलं, मी विचारलं.

भाऊजींनी भुवईवरचा कापूस काढला.

"आमची घरवाली आजारी होती ना, मी रोज विचारत होतो. बरं हाये का? ते म्हने, बरं हाये. ते गेल्यावर एक दिवस पलंगाच्या तिच्या बाजूले पडलो. पाठीखाली लिंबाएवढी गाठ. कापसाची, दगडासारखी." त्यांनी उरलेला चहा एका घोटात संपवला. "रोज विचारत होतो, वैनी. झोपून नाही पाह्यलं."

मी त्यांच्या हातातला रिकामा कप घेतला, उठले आणि आतल्या खोलीचा पडदा बाजूला केला.

"या भाऊजी. माझी राहिली आहे."

ते आत आले. चपला काढल्या, टोपी काढली.

"तुमी कोन्या बाजूले झोपता?"

मी बोटानं दाखवलं. ते त्या बाजूला आडवे झाले आणि त्यांनी डोळे मिटले.