हाळीच्या संशोधनात माझे योगदान

विद्यापीठाच्या फॉर्मातला रकाना क्रमांक चार : ज्ञानधारकाच्या मागील तीन पिढ्या. तेथे मी लिहिले : भागूजी, त्यांचे चिरंजीव राघूजी, त्यांचे चिरंजीव जानकूजी, आणि जानकूजींची थोरली सून मी. अक्षर वळणदार, शाई निळी, खाडाखोड नाही. भागूजी मेंढ्या घेऊन दर साल कोकणात उतरत. राघूजींनी मेंढ्यांबरोबर दोन खिल्लारी बैलही धरले. जानकूजींनी लोणी गावात विहीर खणली आणि आमचे घराणे शेतीला लागले. आमच्यात मेंढ्यांना बोलावण्याची प्रत्येक घराची आपली हाळी असते. दुसऱ्या घराच्या हाळीला मेंढरू मानही वर करीत नाही. ही हाळी सासूकडून सुनेकडे जाते, कारण पुरुष रानात असताना कोकरे बायकाच राखतात. फॉर्मात मात्र सासूसाठी रकानाच नव्हता. या त्रुटीमुळे माझी मोठी सोय झाली. सासूबाईंचे नाव लिहावे लागले असते, तर त्यांनी ती हाळी मला शिकवली नाही, हेही लिहावे लागले असते.

मी सातवी पास होऊन या घरात आले आणि मेंढरांच्या वासात पाऊल टाकणार नाही असे पहिल्याच आठवड्यात जाहीर केले. सासूबाई म्हणाल्या, "बरं." पुढे धाकटी सून चिमाबाई आली. तिला त्यांनी सगळे शिकवले. चिमाबाईकडे आजही बेचाळीस मेंढ्या आहेत आणि त्या माझ्या पडीक रानात बसतात. माझ्याकडे गावच्या वाचनालयाचे अध्यक्षपद एकवीस वर्षे आहे. दोघींनाही आपापला कळप सांभाळावा लागतो. माझा कळप सहसा येतच नाही, एवढाच फरक.

याच वाचनालयात गेल्या मार्गशीर्षात डॉ. सोनल नावाच्या विदुषी आल्या. 'शब्द, भाषा आणि संप्रेषण : विविध विद्याशाखांतून एक शोध' असा त्यांचा प्रकल्प होता. कार्यकारिणीचे पाचही सदस्य हजर असताना त्यांनी विचारले, "आजी, मेंढ्यांना हाक मारायची जुनी पद्धत गावात आता कोणाला येते?"

'ठाऊक नाही' आणि 'येत नाही' ही दोन वाक्ये मी अध्यक्षांच्या खुर्चीवरून कधी उच्चारलेली नव्हती.

"मला," मी म्हणाले.

"एकदा म्हणून दाखवाल?"

"त्याला वेळ असते. स्थळ असते. हाळी काही चारचौघांत म्हणायची वस्तू नव्हे."

सोनलबाईंचे डोळे भरून आले. त्यांनी वहीत लिहिले, 'पावित्र्याची धारणा.' त्या भरल्या डोळ्यांसमोर मला थांबणे शक्य झाले नाही. हाळीचे सात प्रकार असतात, असे मी सांगितले. का सात, तर पाच फार थोडे वाटले म्हणून. आवाहन, निवर्तन, सांत्वन, प्रताडन, विश्राम, प्रस्थान आणि सातवी, जी सांगता येत नाही. एकाही मेंढक्याच्या तोंडून हे शब्द कधी बाहेर पडलेले नाहीत, याची मला खात्री होती. संशोधनाला नवे काही मिळाले पाहिजे.

महिनाभरात 'लोणी सप्तक' या नावाने निबंध छापून आला. त्याबरोबर आणखी दोन विद्याशाखा प्रकल्पात उतरल्या. व्यवस्थापनशास्त्राचे प्राध्यापक जालिंदर यांना माझ्या आवाहनात 'नेतृत्वाचे संप्रेषण' दिसले. पशुविज्ञानाच्या डॉक्टर रीना त्यालाच 'श्राव्य उद्दीपक' म्हणू लागल्या. सोनलबाईंच्या मते ते 'उक्ती' होते. तिघांची पहिली संयुक्त बैठक वाचनालयात माझ्याच अध्यक्षतेखाली झाली. विषय होता, हाक म्हणजे काय. सव्वादोन तासांत अकरा व्याख्या पुढे आल्या आणि एकही मंजूर झाली नाही. चहा आला नाही, कारण चहावाल्याला हाक कोणी मारायची हे ठरले नाही. तिकडे खोडदला आकाशातून येणारे ऐकण्यासाठी रेडिओ दुर्बिणीच्या भल्यामोठ्या थाळ्या मांडल्या आहेत. आमच्या टेबलावर पलीकडच्या खुर्चीतले पोचत नव्हते. मी समारोपात 'चर्चा फलदायी झाली' असे म्हटले. टाळ्या वाजल्या.

त्याच बैठकीत एक ठराव मात्र एकमताने झाला. चिमाबाईच्या मेंढ्यांवर मी हाळीचे प्रात्यक्षिक करून दाखवायचे; त्याआधी एकवीस दिवस त्यांच्या कानावर कोणतीही हाळी पडू नये. अन्यथा नमुना दूषित होईल. संमतीपत्र घेऊन मी स्वतः चिमाबाईकडे गेले.

"एकवीस दिवस हाक मारायची नाही," मी वाचून दाखवले.

"मंग मेंढरं घरी कशी यायची, आक्का?"

"दृश्य संकेत वापरायचे. हा हिरवा झेंडा, हा लाल."

चिमाबाईने झेंडे उलटसुलट करून पाहिले. "मेंढरू खाली बघून चालतं. वर झेंडा बघाया ते काय शाळंत हाय व्हय?"

"विद्यापीठाचा निर्णय आहे."

"विद्यापीठ राखतंय का मेंढरं? उसात बिबट्या हाय. कालच पारगावच्या बाजूला एक कालवड नेली त्यानं."

"चिमा, रान माझे आहे," मी म्हणाले. "अंगठा कर."

तिने माझ्याकडे पाहिले, मग रानाकडे पाहिले आणि अंगठा केला. अंगठ्याच्या वर छापलेले होते : 'मी ही संमती कोणत्याही दबावाविना, स्वेच्छेने देत आहे.' ते वाक्यही मी तिला खणखणीत आवाजात वाचून दाखवले. प्रक्रियेत कसूर नको.

चिमाबाईने शब्द पाळला. पहिले चार दिवस मेंढ्या सवयीने घरी आल्या. पाचव्या दिवसापासून त्या थांबू लागल्या; माना वर करून ज्या आवाजाची वाट पाहायच्या तो येत नसे, म्हणून मग पांगत. चिमाबाई सत्तरीच्या गुडघ्यांनी एकेकीच्या मागे बांधाबांधाने फिरायची, हातात हिरवा झेंडा. नवव्या दिवशी एक मेंढी कमी भरली. तेराव्या दिवशी आणखी एक. सतराव्या दिवशी गाभण होती ती. तिची लोकर तेवढी उसाच्या सरीत सापडली. मी ही गोष्ट प्रकल्पाला लेखी कळवली. उत्तर आले : 'नमुन्यातील क्षय सात टक्के, स्वीकारार्ह मर्यादेत.'

मी ते उत्तर चिमाबाईला वाचून दाखवले नाही. माझ्यात एवढी दया होती, किंवा मग ते मोठ्याने वाचण्याचा धीर नव्हता. नोंदीत मी 'दया' लिहिले.

एकविसाव्या दिवशी सायंकाळी पाच वाजता, उसाला लागून असलेल्या मोकळ्या रानात प्रात्यक्षिक ठेवले. मंडप, फलक, तीन ध्वनिमुद्रण यंत्रे, सतरंजीवर दोन डझन विद्यार्थी. मी इरकली नेसले होते. प्राध्यापक जालिंदरांनी प्रास्ताविकात मला 'कळपाच्या मुख्य कार्यकारी अधिकारी' म्हटले; मी मान लववून ते स्वीकारले. प्रास्ताविक चालू असतानाच, ज्यांच्यासाठी हा सोहळा होता त्या एकोणचाळीस मेंढ्या ध्वनिवर्धकाच्या पहिल्याच किंचाळीला बुजल्या आणि एकीमागून एक उसात शिरल्या.

"उत्तम!" डॉक्टर रीना म्हणाल्या. "आता परिस्थिती नैसर्गिक झाली."

"आजी, आवाहन," सोनलबाईंनी माझ्या तोंडासमोर माईक धरला.

मी पदर सावरला, घसा साफ केला आणि आवाहन केले. ते कसे होते याचे वर्णन मी करणार नाही. ध्वनिफीत उपलब्ध आहे. उसाचे पान हलले नाही. दूरच्या वस्तीवरून एक कुत्रे ओरडले आणि रस्त्यावरून जाणारा एक मोटारसायकलवाला थांबून म्हणाला, "काय झालं आज्जी, पडला काय?"

"निवर्तन करून पाहा," जालिंदर म्हणाले.

मी निवर्तन केले. सांत्वन केले. प्रताडनाला विद्यार्थ्यांतले दोघे उठून उभे राहिले. मेंढी एकही आली नाही. सूर्य उसाच्या शेंड्याला टेकला. चिमाबाई बांधावर उभी होती. तिच्या एका हातात हिरवा झेंडा होता आणि दुसऱ्या हाताची मूठ तिने तोंडावर दाबून धरली होती, जणू आतले काही बाहेर पडू नये.

"आक्का," ती म्हणाली, "मला सोडवा."

"काय?"

"अंगठा दिलाय म्या तुमच्या हाती. तुमी मोकळी करा, मंग मारते हाळी. दिस बुडल्यावर त्यातलं एक बी हाती लागायचं न्हाई."

"समितीला विचारावे लागेल."

समितीने विचार केला. नमुना दूषित करण्यास मंजुरी द्यायची, तर तिन्ही विद्याशाखांची सहमती हवी होती. डॉक्टर रीना 'उद्दीपकास' तयार होत्या, पण 'उक्तीस' नव्हत्या. सोनलबाईंचे उलट होते. जालिंदरांनी सुचवले की, दोन्ही शब्द गाळून ठराव लिहावा. ठराव कोणत्या गोष्टीविषयी आहे हे मग कळेना. लिहिणारा विद्यार्थी तीनदा पान फाडून बसला.

उसात आत कुठेतरी एक कोकरू ओरडले. एकदाच. मग ओरडायचे थांबले.

चिमाबाई माझ्याकडे पाहत होती. सातवी, सांगता न येणारी हाळी अजून शिल्लक होती. मी ती म्हटली असती, तर माझे नाव राहिले असते आणि दोषही ऐनवेळी मेंढ्यांवर ढकलता आला असता. शास्त्रात याला आधार होता : प्रतिसादाचा अभाव.

"चिमा," मी म्हणाले. ध्वनिवर्धकाचा माईक चालूच होता. "मार हाळी. मला येत नाही. मला कधीच येत नव्हती."

तिने झेंडा टाकला. दोन बोटे गळ्याला लावली आणि तिच्या पोटातून जो आवाज निघाला तो उंच नव्हता, मोठाही नव्हता. घरातली माणसे जेवायला बसायची आहेत, एवढेच तो सांगत होता. सासूबाई अशीच हाळी मारायच्या. मी ती माजघरातून पन्नास वर्षे ऐकली होती आणि खिडकी लावून घेतली होती.

ऊस सळसळला. पहिली मेंढी बाहेर आली, मग पाच, मग सगळा लोंढा. चिमाबाई बोटावर मोजत होती. अडतीस झाल्या. तिने पुन्हा हाळी दिली. खूप वेळाने लंगडत एक मेंढी आली. तिच्या पोटाखाली चिकटून ते कोकरू होते. जिवंत.

ध्वनिमुद्रणाची तिन्ही यंत्रे त्या वेळी बंद होती. ठराव लिहिताना शांतता हवी म्हणून ती बंद केलेली होती.

सोनलबाई मात्र संशोधक म्हणून खऱ्या होत्या, हे मी मान्य करते. त्यांनी माझा फॉर्म मिटला, नवा काढला आणि चिमाबाईपुढे मातीत बसल्या. नाव, वय, कोणाकडून शिकलात. "सासूकडनं," चिमाबाई म्हणाली. सोनलबाईंनी 'वडील' हा छापील शब्द खोडला. मग त्यांनी माझ्याकडे बोट केले. "आणि या आजी तुमच्या कोण?"

चिमाबाई कोकराच्या पायातले कुसळ काढत होती. त्या अवधीत मला एक दुपार आठवली. वाचनालयाचे उद्‌घाटन होते. शिक्षणाधिकारी आमच्या ओटीवर बसले होते. चिमाबाई खांद्यावर घोंगडी, हातात मेंढीच्या ताज्या दुधाची चरवी घेऊन दारात आली. पाहुण्यांसाठीच आणले होते. साहेबांनी विचारले, "या कोण?" आणि मी शुद्ध, स्पष्ट मराठीत म्हणाले, "त्या आमच्याकडे कामाला असतात." चिमाबाईने चरवी उंबऱ्यावर ठेवली आणि ती निघून गेली. त्या दुपारबद्दल ती मला एकवीस वर्षांत एक शब्द बोललेली नाही.

"ह्या व्हय?" चिमाबाईने कोकरू खाली सोडले. माझ्याकडे नीट पाहिले. डोळ्यांत राग नव्हता. काम उरकताना माणसाच्या डोळ्यांत असते तेवढेच होते. "ह्या आमच्याकडं कामाला असत्यात. बऱ्या हायेत."

सोनलबाईंनी ते लिहून घेतले.

प्रकल्पाचा अहवाल आता छापून आला आहे. पृष्ठ एकशे बारावर चिमाबाईंचे छायाचित्र आहे. तळटिपेत मी आहे : 'साहाय्यक, ज्ञानधारकाकडे कामाला.' कार्यकारिणीने शुद्धिपत्र मागवण्याचा आग्रह धरला. मी तो फेटाळला. अहवालात अचूक असे तेवढेच एक वाक्य आहे.

ज्यांना या हकिकतीत माझी फजिती वाचून समाधान झाले असेल, त्यांच्या समाधानात मी व्यत्यय आणू इच्छित नाही. आपल्या घरी मोठे पाहुणे आले, तेव्हा आपण कोणाला आतल्या खोलीत थांबायला सांगितले होते, एवढे मात्र त्यांनी एका कागदावर लिहावे. अक्षर वळणदार असावे. खाडाखोड नको.

प्रात्यक्षिकाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी चिमाबाईचा निरोप आला : मेंढ्यांची जाळी हलवायची आहे, लेंड्या भरायच्या आहेत, उन्हं चढायच्या आत या. मी इरकली घडी करून ठेवली, जुने लुगडे नेसले आणि वेळेवर गेले. तिने पाटी पुढे केली. मी ती दोन्ही हातांनी घेतली.

"आता फिटलं, आक्का," ती म्हणाली, आणि माझ्या डोक्यावर स्वतःची चुंबळ ठेवली.